नकाराचा दिनांक : लैंगिक संपर्कानंतरच्या चाचणीचा कालविचार

१. प्रश्नाची फोड

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांना मराठीत 'गुप्तरोग' हे नाव रूढ आहे. यातील 'गुप्त' या पदाचे तीन अर्थ संभवतात. पहिला : रुग्ण लाजेने लपवतो म्हणून गुप्त. दुसरा : लक्षण उमटत नाही म्हणून गुप्त. तिसरा : जंतू शरीरात असूनही चाचणीला सापडत नाही म्हणून गुप्त. पहिल्या गुप्ततेला मुदत नाही. दुसरीची मुदत व्यक्तिपरत्वे बदलते. तिसरीची मुदत मात्र मोजलेली आहे, आणि तीच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

संसर्गाची शक्यता असलेला संपर्क घडल्यानंतर चाचणी केव्हा करावी, असा प्रश्न विचारला जातो. त्याला एकच उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन प्रश्न एकवटलेले आहेत.

(१) संसर्ग टाळण्यासाठी काही करता येते का, आणि किती वेळात?
(२) संसर्ग झाला असल्यास चाचणी तो केव्हापासून दाखवू लागते?
(३) चाचणीने दिलेला नकार अंतिम केव्हा मानावा?

पहिल्याचे उत्तर तासांत आहे, दुसऱ्याचे दिवसांत, तिसऱ्याचे आठवड्यांत. ही तीन उत्तरे एकमेकांत मिसळली की दोन प्रकारची चूक घडते. काही जण तिसऱ्या दिवशी रक्त तपासून निश्चिंत होतात. काही जण 'तीन महिन्यांनीच कळते' एवढे ऐकून तीन महिने घरी बसतात. पहिल्यांना ज्ञान मिळत नाही, दुसऱ्यांचा उपचार हुकतो.

म्हणून आरंभीच एक सूचना आवश्यक आहे. ज्या व्यक्तीच्या संपर्कास अद्याप ७२ तास झालेले नाहीत, तिने हे वाचन येथेच थांबवून प्रथम रुग्णालय गाठावे. कारण आठव्या प्रकरणात दिले आहे. ते नंतर वाचले तरी चालेल.

२. परिभाषा

संपर्क : दुसऱ्या व्यक्तीचे वीर्य, योनिस्राव, रक्त किंवा व्रणातील द्रव यांचा आपल्या शरीराच्या ओलसर अस्तराशी अथवा जखमेशी आलेला संबंध. उपदंश व जननेंद्रियांची नागीण (हर्पिस) यांच्या बाबतीत व्रणयुक्त त्वचेचा स्पर्शही यात येतो. योनिमैथुन, गुदमैथुन व मुखमैथुन हे तिन्ही प्रकार यात अंतर्भूत आहेत. कंडोम फाटणे किंवा निसटणे हाही संपर्कच. एकत्र जेवण, हस्तांदोलन, एकाच शौचालयाचा वापर हे या अर्थाने संपर्क नव्हेत.

संसर्ग : जंतू शरीरात शिरून तेथे वाढू लागणे. प्रत्येक संपर्कातून संसर्ग होतोच असे नाही.

आजार : संसर्गामुळे लक्षणे किंवा अवयवांची हानी उत्पन्न होणे. प्रत्येक संसर्ग लवकर आजाराचे रूप घेतोच असे नाही.

परिपाककाल : संसर्गापासून पहिले लक्षण उमटेपर्यंतचा काळ.

अदृश्यकाल : संसर्गानंतरचा तो काळ, ज्यात उपलब्ध असलेल्या कोणत्याही चाचणीला काहीही सापडत नाही.

गवाक्षकाल : संसर्गापासून एखादी विशिष्ट चाचणी होकार देऊ लागेपर्यंतचा काळ. दवाखान्यात व बोलण्यात यालाच 'विंडो पिरियड' म्हणतात.

निर्णायक दिवस : संपर्कानंतरचा तो दिवस, ज्या दिवसापर्यंत जवळपास सर्व संसर्गित व्यक्तींमध्ये ती चाचणी होकारार्थी झालेली असते.

या व्याख्यांतून दोन निष्कर्ष निघतात. एक : गवाक्षकाल रोगाचा नसतो, चाचणीचा असतो. एकाच संसर्गाला तीन चाचण्या असतील, तर गवाक्षकालही तीन असतील. म्हणून 'एचआयव्ही किती दिवसांनी कळतो' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या चाचणीने' हे पद त्यात घालावे लागते. दोन : परिपाककाल व गवाक्षकाल परस्परांपासून स्वतंत्र आहेत. लक्षण आधी आणि चाचणीचा होकार नंतर, किंवा होकार आधी आणि लक्षण कधीच नाही, हे दोन्ही क्रम संभवतात. त्यामुळे लक्षणाची वाट पाहणे हा चाचणीच्या वेळेचा निकष होऊ शकत नाही.

३. चाचणी काय शोधते

चाचण्यांचे त्यांच्या शोधविषयानुसार तीन वर्ग पडतात.

(१) जंतूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या. पीसीआर व तत्सम न्यूक्लिक आम्ल चाचण्या या वर्गातील. जंतू थोडा असला तरी त्याचे जनुकद्रव्य अनेकपट वाढवून त्या तो ओळखतात, म्हणून यांचा गवाक्षकाल सर्वांत लहान.

(२) प्रतिजन शोधणाऱ्या. प्रतिजन म्हणजे जंतूचा प्रथिनरूप अंश. उदाहरणार्थ, एचआयव्हीचे पी-२४ आणि 'ब' काविळीच्या विषाणूचे पृष्ठप्रतिजन. ते रक्तात मोजण्याइतके साचावे लागते, म्हणून गवाक्षकाल मध्यम.

(३) प्रतिपिंड शोधणाऱ्या. प्रतिपिंड जंतूचे नसतात. जंतूला प्रतिकार म्हणून शरीराने बनवलेले असतात. शरीराने जंतू ओळखणे, प्रतिपिंड बनवणे आणि ते पुरेसे होणे या तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात, म्हणून गवाक्षकाल सर्वांत मोठा.

यावरून सामान्य नियम मिळतो : चाचणी जंतूच्या जितकी जवळ, तितकी ती लवकर बोलते, ती शरीराच्या प्रतिसादावर जितकी अवलंबून, तितकी उशिरा. पुढील चार प्रकरणे हा नियम एकेका संसर्गास लावून पाहतात.

४. एचआयव्ही

येथे तिन्ही वर्गांच्या चाचण्या उपलब्ध असल्याने नियम स्पष्ट दिसतो. संसर्गानंतरचे सुमारे १० दिवस अदृश्यकालाचे असतात. त्यानंतर न्यूक्लिक आम्ल चाचणी १० ते ३३ दिवसांत, शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केलेली प्रतिजन-प्रतिपिंड संयुक्त चाचणी १८ ते ४५ दिवसांत, आणि केवळ प्रतिपिंड शोधणारी चाचणी २३ ते ९० दिवसांत होकार देऊ लागते. बोट टोचून काढलेल्या रक्तावरील संयुक्त चाचणीसही ९० दिवसांपर्यंतची मर्यादा लागू होते, कारण नमुना बदलला की चाचणीची क्षमताही बदलते.

या आकड्यांतील अंतर व्यक्ती-व्यक्तींतील भेदाचे आहे. संयुक्त चाचणीने सुमारे अर्ध्या संसर्गित व्यक्ती अठराव्या दिवसापर्यंत ओळखल्या जातात. शंभरातील नव्याण्णव ओळखण्यास ४५ दिवस लागतात. म्हणून अठरावा दिवस हा चाचणी सार्थ होण्याचा आरंभ आहे, तर पंचेचाळिसावा दिवस निर्णायक आहे.

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजे 'आयसीटीसी'मध्ये, ही तपासणी विनामूल्य होते. तेथील रॅपिड किट बहुधा प्रतिपिंड शोधणारे असतात. म्हणून तेथे तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगितले जाते. खासगी प्रयोगशाळेचा पंचेचाळीस दिवसांचा सल्ला आणि शासकीय केंद्राचा तीन महिन्यांचा सल्ला यांत विरोध नाही. दोन्ही आपापल्या चाचणीपुरते बरोबर आहेत. आपली चाचणी कोणत्या वर्गातील आहे हे माहीत नसल्यास ९० दिवसांची मर्यादा धरावी.

होकाराचा नियम वेगळा आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीस एचआयव्हीबाधित ठरवण्यापूर्वी भारतीय कार्यक्रमात तीन भिन्न किटवर नमुना तपासला जातो. एका किटचा होकार हे निदान नव्हे, ती पुढील तपासाची सूचना आहे. म्हणजे नकाराला काळाची पुष्टी लागते आणि होकाराला दुसऱ्या चाचणीची.

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास काहींना ताप, घसादुखी, पुरळ, ग्रंथींची सूज अशी लक्षणे येतात. ती फ्लू किंवा डेंग्यूसारखी असल्याने त्यांवरून निदान होत नाही. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या रुग्णांविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, प्रतिपिंड-चाचणी नकारार्थी असलेल्यांच्या रक्तात पी-२४ प्रतिजन शोधण्यात आले. काहींच्या रक्तात ते सापडले, आणि ताप, सांधेदुखी व रात्रीचा घाम यांचा त्याच्याशी संबंध आढळला. या निरीक्षणाचे महत्त्व असे : या व्यक्तींच्या हाती नकाराचा कागद आला असता आणि त्याच वेळी त्यांच्या रक्तात विषाणू वाढत होता. संसर्गाच्या या आरंभकाळात रक्तातील विषाणूंची संख्या फार मोठी असते, म्हणून दुसऱ्यास संसर्ग देण्याची क्षमताही अधिक असते. चाचणी मौन असते तेव्हा संसर्ग मौन नसतो.

५. उपदंश

उपदंशास बोलीत 'गरमी' म्हणतात. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंग' या नावाने वर्णिलेला रोग हाच मानला जातो. त्याचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ साली ओळखला गेला आणि १९०६ साली वासरमान यांची रक्तचाचणी आली. आज प्रचलित असलेली 'व्हीडीआरएल' ही तिच्याच कुळातील.

याचा परिपाककाल १० ते ९० दिवस, सरासरी २१ दिवस. प्रथम संपर्काच्या जागी बहुधा वेदनारहित असा व्रण उमटतो. तो दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो. योनीत, गुदाशयात किंवा घशात असल्यास दिसतही नाही. आणि उपचाराविनाच बरा झाल्यासारखा वाटतो. व्रण भरला तरी संसर्ग गेलेला नसतो.

रक्तातील प्रतिपिंड बहुधा व्रण उमटल्यानंतर १ ते ४ आठवड्यांनी मोजता येतात. त्यामुळे व्रण डोळ्यांसमोर असताना व्हीडीआरएल नकारार्थी येणे शक्य आहे. म्हणून व्रण असल्यास रक्ताच्या नकारावर विसंबू नये. व्रणाची प्रत्यक्ष तपासणी गुप्तरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. व्रण नसल्यास रक्ताची पहिली चाचणी ६ आठवड्यांनी व निर्णायक चाचणी ९० दिवसांनी करावी.

उपदंशाच्या रक्तचाचण्यांत दोन उपप्रकार आहेत. व्हीडीआरएल व आरपीआर यांतील प्रतिपिंडांचे प्रमाण उपचारानंतर उतरते, म्हणून त्यांवरून उपचाराचे यश मोजता येते. टीपीएचएसारख्या जंतुविशिष्ट चाचण्या बहुतेकांत उपचारानंतरही आयुष्यभर होकारार्थी राहतात. पूर्वी उपचार घेतलेल्या व्यक्तीने दुसऱ्या उपप्रकारातील होकार पाहून नवा संसर्ग गृहीत धरू नये. पहिल्या उपप्रकारातील प्रमाण पूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहावे. यासाठी जुने रिपोर्ट जपून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. जोडीदारास अलीकडचा उपदंश असल्याचे निश्चित झाले असेल आणि संपर्क गेल्या ९० दिवसांतील असेल, तर चाचणी नकारार्थी असली तरी उपचार दिला जातो. बेन्झाथिन पेनिसिलीनच्या २४ लाख युनिटांची एक मात्रा त्यास पुरते. नकार अविश्वसनीय असण्याच्या काळात त्याची वाट पाहण्यापेक्षा उपचार करणे श्रेयस्कर, हे त्यामागील तत्त्व.

६. परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास

या गटात जंतू रक्तात शोधला जात नाही. तो जेथे शिरला तेथेच शोधावा लागतो. म्हणून येथे 'केव्हा' या प्रश्नाइतकाच 'कोठून' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

परम्याचा परिपाककाल पुरुषांत बहुधा २ ते ७ दिवस; लघवीस जळजळ व पूयस्राव ही लक्षणे. क्लॅमिडियाचा सुमारे १ ते ३ आठवडे, परंतु बहुसंख्य स्त्रियांत आणि सुमारे निम्म्या पुरुषांत लक्षण उमटतच नाही. ट्रायकोमोनासचा ५ ते २८ दिवस. परमा व क्लॅमिडिया यांची न्यूक्लिक आम्ल चाचणी संपर्कानंतर २ आठवड्यांनी विश्वसनीय मानली जाते. स्राव सुरू झाला असल्यास दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी स्वॅब द्यावा.

नमुन्याचे नियम असे. (१) पुरुषाने लघवीची पहिली धार द्यावी, मधली नव्हे. त्यापूर्वी किमान एक तास लघवी केलेली नसावी. (२) स्त्रीसाठी लघवीपेक्षा योनीतील स्वॅब अधिक उपयुक्त. (३) मुखमैथुन वा गुदमैथुन घडले असल्यास घशाचा व गुदाशयाचा स्वॅब स्वतंत्रपणे द्यावा. घशातील संसर्ग लघवीच्या चाचणीत दिसणार नाही. अशा वेळी नकार चुकीचा नसतो. तो दुसऱ्या जागेविषयी असतो.

भारतातील शासकीय कार्यक्रमात 'सुरक्षा क्लिनिक' या केंद्रांमधून लक्षणसमूहानुसार उपचार होतात. स्राव किंवा व्रण यांचे स्वरूप पाहून रंगांनी ओळखले जाणारे औषधसंच त्याच भेटीत दिले जातात. ज्याला लक्षण आहे त्याचा उपचार यात लांबत नाही, हा या पद्धतीचा गुण. ज्याला लक्षण नाही तो यात येतच नाही, ही तिची मर्यादा. क्लॅमिडियाचा लक्षणहीन संसर्ग स्त्रीच्या गर्भनलिकांना इजा करून वंध्यत्वास किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेस कारण होऊ शकतो. म्हणून 'काही त्रास नाही' हे चाचणी टाळण्याचे कारण होत नाही.

औषधोपचारानंतरच्या फेरतपासणीलाही काळ आहे. मृत जंतूंचे जनुकद्रव्य काही आठवडे शिल्लक राहत असल्याने क्लॅमिडियाची न्यूक्लिक आम्ल चाचणी उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत केल्यास खोटा होकार येऊ शकतो. पुनःसंसर्ग वारंवार आढळत असल्यामुळे उपचारानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे इष्ट.

७. यकृतशोथ 'ब' व 'क', नागीण व एचपीव्ही

यकृतशोथ 'ब', म्हणजे 'ब' कावीळ, हिचे पृष्ठप्रतिजन संपर्कानंतर सरासरी ४ आठवड्यांनी, क्वचित ९ आठवड्यांपर्यंत रक्तात येते. म्हणून १२ आठवड्यांची चाचणी करतात. येथे आणखी एक गवाक्षकाल आहे, आणि तो संसर्गाच्या शेवटाकडे येतो. बरे होत असलेल्या व्यक्तीत पृष्ठप्रतिजन नाहीसे होते, पण त्याविरुद्धचे प्रतिपिंड अद्याप दिसत नाहीत. या मधल्या काळात गाभाप्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंडच साक्ष देतात. तसेच लस टोचल्यानंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत लशीतीलच प्रतिजन रक्तात सापडू शकते. म्हणून रक्त आधी द्यावे आणि लस लगेच नंतर टोचून घ्यावी.

यकृतशोथ 'क' चा आरएनए १ ते २ आठवड्यांत, तर प्रतिपिंड ८ ते ११ आठवड्यांत मिळतात. लैंगिक मार्गाने याचा प्रसार तुलनेने कमी. रक्ताशी संबंध, सामायिक सुई किंवा पुरुष-पुरुष गुदमैथुन असल्यास चाचणी अवश्य करावी.

नागीण व एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) यांत संपर्कोत्तर चाचणीचे स्थान गौण आहे. जननेंद्रियांची नागीण २ ते १२ दिवसांत फोडांच्या रूपाने दिसते. फोड ताजा असताना त्यातील द्रवाचा पीसीआर हीच खरी तपासणी. तिच्या प्रतिपिंडांना १२ ते १६ आठवडे लागतात, आणि लक्षण नसताना त्यांचा शोध घेण्याची शिफारस केली जात नाही. एचपीव्हीसाठी संपर्कानंतर करण्याजोगी चाचणी नाही. लस व स्त्रियांची नियमित गर्भाशयमुख-तपासणी हाच तेथील मार्ग.

८. प्रतिबंधाची मुदत

आतापर्यंतचा विचार दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचा झाला. पहिला प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण त्याचे उत्तर वरील सर्व आकड्यांच्या विरुद्ध दिशेने जाते : चाचणी विलंबाने निश्चित होते, प्रतिबंध विलंबाने नष्ट होतो.

एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी संपर्कोत्तर प्रतिबंधक औषधे, म्हणजे 'पेप', ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस अखंड घ्यावी लागतात. ७२ तास ही बाह्य मर्यादा आहे. पहिले काही तास सर्वांत मोलाचे. यकृतशोथ 'ब' ची लस न घेतलेल्या व्यक्तीस ती शक्यतो २४ तासांत, आणि लैंगिक संपर्कानंतर फार तर १४ दिवसांपर्यंत दिली जाते. जोडीदार बाधित असल्याचे माहीत असल्यास सोबत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. नको असलेला गर्भ टाळण्याची गोळीही याच पहिल्या तासांचा विषय आहे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगी हे सर्व विनामूल्य देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार शासकीय व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. उपचाराआधी पोलिसांत तक्रार झालीच पाहिजे अशी अट त्यात नाही.

या पहिल्या भेटीत रक्तही घेतले जाते. पहिल्या ७२ तासांत केलेली चाचणी त्या संपर्काविषयी काहीच सांगू शकत नाही, मग ती का करावी? कारण तिचा विषय वेगळा आहे. ती संपर्कापूर्वीची स्थिती नोंदवते. या पायाभूत चाचणीवाचून पुढील होकार जुना की नवा हे ठरत नाही, आणि आधीच बाधित असलेल्या व्यक्तीस केवळ २८ दिवसांची औषधे देऊन थांबण्याची चूक घडू शकते.

प्रतिबंधक औषधे घेतल्यास गवाक्षकाल लांबू शकतो, कारण विषाणूची वाढ दबते व प्रतिपिंड उशिरा येतात. अशा व्यक्तीने ४ ते ६ आठवड्यांनी व १२ आठवड्यांनी चाचणी करावी; काही ठिकाणी सहा महिन्यांचीही तपासणी ठेवतात. मनाने घेतलेली प्रतिजैविकेही असाच गोंधळ करतात : अपुऱ्या मात्रेने उपदंश दबतो, बरा होत नाही, आणि चाचणीचा काळ बिघडतो.

९. नकाराचे मूल्य

नकार किती विश्वसनीय, हे मोजता येते. त्यासाठी दोन राशी लागतात : संपर्कातून संसर्ग होण्याची मूळ शक्यता, आणि त्या दिवसापर्यंत चाचणीकडून सुटणाऱ्या संसर्गांचे प्रमाण. त्यांचा गुणाकार म्हणजे ढोबळमानाने नकारानंतर उरणारी शक्यता.

उदाहरण घेऊ. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषाशी कंडोमविना झालेल्या एका योनिमैथुनातून स्त्रीस संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ८, म्हणजे दहा लाखांत ८०० मानली जाते. पाचव्या दिवशी चाचणी नकारार्थी आली. त्या दिवशी सर्वच संसर्ग सुटतात, म्हणून उरलेली शक्यता ८००. अठराव्या दिवशी संयुक्त चाचणी नकारार्थी. निम्मे सुटतात, म्हणून ४००. पंचेचाळिसाव्या दिवशी नकार. शंभरातील एक सुटतो, म्हणून ८. कागदावरील शब्द तिन्ही वेळा एकच : नॉन-रिॲक्टिव्ह. अर्थ मात्र ८००, ४०० आणि ८ इतका भिन्न.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की मूळ शक्यताच बहुधा अल्प असते. एकदा घडलेल्या संपर्कावरून संसर्ग झालाच, असे मानून महिनोन्‌महिने झोप गमावण्यास या आकड्यांत आधार नाही. निर्णायक दिवसानंतरचा नकार स्वीकारावा. त्यानंतर पुनःपुन्हा केलेली चाचणी नवे ज्ञान देत नाही.

१०. वेळापत्रक

वरील विवेचन व्यवहारात चार भेटींत मांडता येते.

(१) तात्काळ, ७२ तासांच्या आत : पेपचा निर्णय, 'ब' काविळीची लस, पायाभूत रक्तचाचणी.
(२) २ आठवडे : परमा व क्लॅमिडिया यांची न्यूक्लिक आम्ल चाचणी, संपर्काच्या प्रत्येक जागेवरून.
(३) ६ ते ७ आठवडे : एचआयव्हीची प्रयोगशाळेतील संयुक्त चाचणी, ४५ दिवस पूर्ण झाल्यावर; उपदंशाची पहिली चाचणी.
(४) १२ ते १३ आठवडे, ९० दिवस पूर्ण झाल्यावर : उपदंश व यकृतशोथ यांची निर्णायक चाचणी; रॅपिड किट वापरले असल्यास किंवा पेप घेतले असल्यास एचआयव्हीचीही.

यास तीन उपनियम जोडावेत. लक्षण उमटल्यास वेळापत्रक रद्द होते. त्याच दिवशी जावे. संपर्क एकाहून अधिक असल्यास गणना शेवटच्या संपर्कापासून करावी. संपर्क सतत चालू राहणार असल्यास एकेका संपर्काची गणना सोडून दर तीन महिन्यांनी तपासणी करावी.

शेवटच्या भेटीपर्यंत कंडोम वापरावा व रक्तदान करू नये. आपली तपासणी आपोआप होईल या हेतूने केलेले रक्तदान हा मोठा प्रमाद आहे, कारण रक्तपेढीच्या चाचण्यांनाही गवाक्षकाल आहे आणि त्या काळातील रक्त दुसऱ्याच्या शिरेत जाते. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या मातेने संपर्काची माहिती डॉक्टरांस विनाविलंब द्यावी, कारण तेथे काळ दोन जिवांचा मोजावा लागतो.

११. उपसंहार

एवढ्यावरून सिद्ध होते ते असे. नकार हे व्यक्तीविषयीचे विधान नसून एका दिवसाविषयीचे विधान आहे. त्या विधानाचा अर्थ दोन दिनांकांमधील अंतराने ठरतो : संपर्काचा दिनांक व नमुन्याचा दिनांक. नमुन्याचा दिनांक प्रयोगशाळा छापते. संपर्काचा दिनांक कोणत्याही रिपोर्टवर छापलेला नसतो. तो जगात फक्त त्या व्यक्तीला ठाऊक असतो.

आरंभी 'गुप्त' या पदाचे तीन अर्थ सांगितले होते. तेथे पहिला व तिसरा अर्थ वेगळे केले होते. आता त्यांचा संबंध दिसतो. लाजेपोटी दिनांक चुकीचा सांगितला, एक संपर्क वगळला किंवा त्याची जागा लपवली, तर योग्य चाचणीही अयोग्य दिवशी व अयोग्य नमुन्यावर होते. चाचणीपासूनची गुप्तता विज्ञानाने एचआयव्हीच्या बाबतीत पंचेचाळीस दिवसांवर आणली आहे; लाजेची गुप्तता तिला पुन्हा अमर्याद करते. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास आणि रुग्णाची माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. १०९७ या विनामूल्य क्रमांकावर नाव न सांगता प्रश्न विचारता येतो. डॉक्टरांना लागते ती कबुली नव्हे, माहिती. आणि त्या माहितीतील पहिली गोष्ट म्हणजे खरा दिनांक. तो सांगितला गेला, म्हणजे चाचणीचा निम्मा भाग पूर्ण झाला.